रेवा इथे होती तो हिवाळा

आमच्या चाचणीत सुरुवातीलाच एक प्रश्न आहे. "अभी कौन सा मौसम चल रहा है?" समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो विचारायचा आणि थांबायचं. उत्तर बरोबर आलं तरी मान हलवायची नाही, चुकलं तरी भुवई उचलायची नाही. अंगावर रजई, पायाजवळ हीटर, खिडकीच्या काचा घामेजलेल्या, आणि तरीही कुणी शांतपणे म्हणतं, "बरसात." मग शून्य लिहायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा.

आज सकाळी गॅलरीचं दार उघडलं तर समोरची पाण्याची टाकी दिसेना. टाकी दिसेना, टाकीखालचा चहावाला दिसेना, फक्त त्याच्या स्टोव्हचा आवाज येत होता. कोहरा परत आला. आमच्या साताऱ्याकडे धुकं म्हणजे पहाटे उसावर उतरणारं आणि ऊन पडलं की उठून जाणारं. इथलं धुकं मुक्कामाला येतं. लखनौच्या वृंदावन योजनेतल्या या सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या इमारती ते एकेक करून पुसत जातं, आणि दुपारी बारालाही दिवस उजाडतोय की मावळतोय ते कळत नाही.

चहा गाळताना फोन वाजला. माझ्या मुलीच्या, रेवाच्या, जुन्या शाळेचा ग्रुप. तो मी अजून सोडलेला नाही. "शीतलहर के कारण कल से अवकाश." त्याखाली आयांची उत्तरं सुरू झाली. "फिर से?" "मैं तो पागल हो जाऊँगी." "मेरी तो कल प्रेज़ेंटेशन है यार." मी सगळी वाचली. मला उत्तर द्यायचं काही कारण नव्हतं. माझ्या घरात सुट्टी मिळालेलं कुणी नाही.

मी स्मृतिभ्रंशावर संशोधन करते. 'संशोधन करते' हे शब्द लिहिताना हात जरा अडखळतो, कारण मनातून मी अजून विद्यार्थिनीच आहे आणि कुणी 'डॉक्टर साहिबा' म्हटलं की मागे वळून बघते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील गुऱ्हाळावर कामाला होते. आई शाळेत गेली नाही. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तेव्हा आईने विचारलं होतं, "म्हंजे आता कसला मास्तर होणार तू?" मी समजावून सांगितलं, की जी माणसं म्हातारपणी विसरायला लागतात त्यांच्या घरी जाते, त्यांना प्रश्न विचारते, दर काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारते, आणि किती उरलंय ते मोजते. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्याकडं त्याला म्हातारचळ म्हणतात. ओट्यावर बसवायचं, जेवायला वाढायचं. मोजून काय करायचं?" ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला तेव्हा उत्तर नीट देता आलं नाही.

रेवाचे बाबा हवाई दलात. त्यांच्या बदलीबरोबर लखनौला आलो तेव्हा रेवा रांगत होती. इथल्या घराघरांत जाऊन हिंदीत चाचण्या घ्यायच्या म्हटल्यावर माझी खरी अडचण हिंदीचीच होती. माझी हिंदी ऐकून लोक हसायचे नाहीत, लखनौत कुणी तोंडावर हसत नाही, पण विचारायचे, "आप बाहर की हैं?" म्हाताऱ्या माणसाला प्रश्न माझ्या बोलण्यामुळे कळला नाही आणि मी त्याला विसराळू ठरवलं, तर काय? या भीतीने मी रोज घरात मोठ्याने सराव करायचे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. "अब मैं तीन चीज़ों के नाम बोलूँगी. ध्यान से सुनिए. थोड़ी देर बाद फिर पूछूँगी. नींबू, चाबी, गुब्बारा." रेवा पायात घुटमळत असायची. बोलायला लागली तशी तिला ही चाचणी पाठ झाली. इतर मुलं बाहुल्यांना जेवू घालतात, रेवा बाहुल्यांची स्मरणशक्ती तपासायची. अस्वल कायम नापास व्हायचं.

"अस्वलाला का नाही आठवत गं?" मी विचारायचे.

"उसके दिमाग़ में रुई है मम्मा," ती म्हणायची. मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. आमचं घर असंच चालायचं.

एकदा शाळेतून येऊन तिने नवीन कविता म्हणून दाखवली. हातवाऱ्यांसकट, मधे एक ओळ विसरून, परत मागे जाऊन. संपल्यावर ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मी म्हणाले, "धन्यवाद. अब आगे चलते हैं." हे आमचं ठरलेलं वाक्य आहे. उत्तर कसंही आलं तरी हेच म्हणायचं. ती एवढीशी बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मा, ये तुम्हारा टेस्ट वाला चेहरा है. घर वाला करो." मी हसले, तिला जवळ घेतलं. नंतर आरशात पाहिलं, की कोणता तो चेहरा. आरशात काही वेगळं दिसलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मागच्या जानेवारीत शाळा बंद झाली तेव्हा आधी दोन दिवसांची सुट्टी होती. मग ती वाढली. मग पुन्हा वाढली. रेवाचे बाबा तेव्हा पूर्वेकडच्या तळावर काही महिन्यांसाठी गेलेले. शेजारच्या वर्मा आंटींनी दोन-तीन दिवस रेवाला सांभाळलं, मग त्यांनाच ताप आला. आणि माझी दुसऱ्या फेरीची कामं नेमकी तेव्हाच होती. आमच्या कामात तारीख पुढे ढकलता येत नाही. सहा महिन्यांनी म्हणजे सहा महिन्यांनीच. उशीर झाला तर माणूस तेवढ्या अवधीत घसरलं की आमच्या उशिरामुळे तसं दिसतंय, हे सांगता येत नाही.

सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्यांचा, साताऱ्याहून रोज फोन यायचा. "पोरीला हिकडं पाठव. हितं ऊन हाय, दूध हाय, अंगण हाय. तुझं ते म्हाताऱ्यांचं उरकलं की घिऊन जा."

"आत्या, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. बघते मी."

"तू बघतीस, पण कुणाकडं? म्हाताऱ्यांकडं का पोरीकडं?"

आत्या वाईट नाहीत. मी शिकावं म्हणून माझ्या बाजूने भांडलेल्या त्याच. पण त्यांचा प्रश्न खरा होता आणि त्या दिवसांत माझ्यापुढे दुसरा प्रश्नच नव्हता. रेवा माझ्याजवळ राहणार की नाही, एवढंच.

मग मी तिला बरोबर न्यायला लागले.

ते दिवस आठवले की आधी वास येतो. चौकाचौकात पेटवलेल्या अलावाचा, म्हणजे शेकोटीचा, ओल्या लाकडाच्या धुराचा. ई-रिक्षाला प्लॅस्टिकचे पडदे लावलेले असायचे, त्यावर धुक्याचे थेंब ओघळायचे आणि रेवा आतून बोटाने त्यांचा पाठलाग करायची. दोन स्वेटर, त्यावर जॅकेट, माकडटोपी. तिचं फक्त नाक दिसायचं, लाल. मेट्रो रुळावर वर चढली की खाली शहर नाहीसं व्हायचं. "मम्मा, हम बादल में हैं," ती म्हणायची, दर वेळी, जणू पहिल्यांदाच. इंदिरा नगरला उतरलो की भाजलेल्या शेंगा घ्यायच्या. शेंगावाला हिरव्या मिरचीच्या मिठाची पुडी द्यायचा, ती रेवा जिभेच्या टोकावर लावून डोळे मिटायची. हे सगळं चांगलं होतं. मी तेव्हा घड्याळ बघत होते, त्यामुळे चांगलं आहे हे मला नंतर कळलं.

इंदिरा नगरात अम्मांचं घर. अम्मा म्हणजे निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या पुढच्या, गोऱ्यापान, शालीत गुंडाळलेल्या. त्यांना सांभाळायच्या त्यांच्या सूनबाई, मी त्यांना भाभी म्हणायचे. भाभींची नोकरी होती, अम्मांसाठी सोडली. पहिल्या भेटीत त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ये ठीक तो हो जाएँगी ना?" मी म्हटलं, आम्ही उपचार करत नाही, नोंद करतो. त्यांनी मान हलवली. पण मी जायचे त्या दिवशी त्या अम्मांना न्हाऊ घालून, इस्त्रीची साडी नेसवून बसवायच्या, पोराला परीक्षेला पाठवावं तसं. सकाळपासून वार घोकून घ्यायच्या. "अम्मा, आज बुधवार है. क्या है? बुधवार." असं करू नका, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "दिल नहीं मानता."

रेवाला मी दारापाशी वेताच्या मोढ्यावर बसवलं. शेंगा दिल्या. "एकदम चूप बसायचं. काही बोलायचं नाही." तिने ओठांवर बोट ठेवलं. अम्मांना ती आवडली. "किसकी बिटिया है?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

ऋतू चुकला. महिना चुकला. शहर बरोबर आलं. मग मी तीन शब्द सांगितले, मधली कामं करून घेतली, आणि ते शब्द परत विचारले. अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. लिंबू आठवलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली, हीटरवर गेली, हातातल्या शालीच्या टोकावर आली. पडद्याआड भाभी उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. मी टेस्टवाला चेहरा करून बसले होते. वाट बघणं हेच आमचं काम.

"चाबी," अम्मा म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, हसत, "गुब्बारा."

पडदा सरला. भाभी बाहेर आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तीनों बता दिए. पिछली बार तो एक भी नहीं आया था." त्यांनी लगेच नवऱ्याला फोन लावला. "सुनिए, अम्मा ने सब बता दिया. हाँ, सब." अम्माही खूश होत्या, कशाबद्दल ते त्यांना माहीत नव्हतं.

मी वळून पाहिलं. रेवाचे गाल फुगलेले होते, फुग्यासारखे. दुसऱ्या हाताने ती हवेत किल्ली फिरवत होती. तिने एक शब्दही उच्चारला नव्हता. मी सांगितलं होतं तसं, ओठांवर बोट ठेवून ती एकदम चूप होती.

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय आलं ते क्रमाने सांगता येणार नाही. हसू आलं होतं हे नक्की. एवढ्याशा पोरीने माझं सगळं काम बघून बघून उचललं होतं, फक्त मदत करायची नसते हा भाग सोडून. भाभींचा फोन संपेपर्यंत मी थांबले. मग सांगितलं, की बिटियाने खुणा केल्या, हे धरता येणार नाही.

भाभी फोन हातात धरून उभ्या राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "एक दिन तो ख़ुश रहने देतीं."

त्यांनी चहा केला, तो मला प्यावा लागला. लखनौत असल्या वेळीही चहा येतो, बरोबर बिस्किटंही येतात.

परतताना ई-रिक्षात रेवाने आधी उरलेल्या शेंगा संपवल्या. मग म्हणाली, "दादी को नहीं आ रहा था. मैंने बता दिया. बताना गंदी बात है?"

"परीक्षेत सांगायचं नसतं बाळा."

"पर वो तो बूढ़ी हैं," ती म्हणाली. "तुम उनकी परीक्षा क्यों लेती हो?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. आज मोजलं तर उद्या कुणाला तरी औषध सापडेल, असं काहीतरी. तिने ऐकलं, आणि पडद्यावरचा एक थेंब बोटाने खाली नेला. रात्रीपासून ती खोकायला लागली.

मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंना, सगळं सांगणं भागच होतं. त्या रागावल्या नाहीत. त्या दिवसाची नोंद रद्द झाली. आमच्या चाचणीत तेच शब्द लगेच परत विचारता येत नाहीत, म्हणून अम्मांची ती फेरी रिकामी राहिली. "बच्ची का कुछ इंतज़ाम करो," मॅडम म्हणाल्या. "मैंने भी किया था. मेरा बेटा कानपुर में नानी के पास पला." मी विचारलं, आता कुठे असतो. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "बेंगलुरु. हर इतवार फ़ोन करता है. बहुत तमीज़ से बात करता है, जैसे तुम करती हो." आणि पुढच्या कामाचं बोलायला लागल्या. मॅडमचा चेहरा बघून मला काहीच कळलं नाही. त्या या कामात माझ्यापेक्षा वीस वर्षं जास्त आहेत.

रेवाचे बाबा चार दिवसांच्या रजेवर आले आणि तिला साताऱ्याला न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं, त्यांनी फक्त विचारलं, "नक्की ना?" दोन महिन्यांचा प्रश्न होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये फेरी संपेल, होळीला घेऊन येऊ. चारबागला सकाळी पोहोचलो. गाडी धुक्यात कुठेतरी अडकली होती. उशीर वाढत गेला, भोंग्यावर ती बाई पुन्हा पुन्हा खेद व्यक्त करत होती. फलाटावर माणसं रजया पांघरून गाठोड्यांसारखी बसलेली. रेवाने आधी सगळ्या गाड्या मोजल्या, मग भूक लागली म्हणाली, पुऱ्या खाल्ल्या, मग बॅगेवर डोकं ठेवून झोपली. दुपारी गाडी आली तेव्हा ती गाढ झोपेत होती. बाबांनी तिला तशीच उचलली. निरोपाच्या वेळी काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. डब्याच्या खिडकीची काच दुधाळ झालेली होती, आतलं काही दिसलं नाही.

होळीला अम्मांसारख्याच आणखी काहींच्या भेटी उरल्या होत्या. मग बाबांची पूर्वेकडची मुदत वाढली. मे महिन्यात मी गेले तर रेवा आत्यांच्या पदराआडून बघत होती. संध्याकाळपर्यंत आली जवळ, पण दुपारभर ती मला लांबून तपासत होती. जूनमध्ये आत्यांनी गावातल्या शाळेत नाव घातलं. "वरीस कशाला वाया घालवायचं?" यात चूक काहीच नव्हतं. प्रत्येक वेळी जे ठरलं ते त्या वेळी बरोबरच होतं, म्हणून आता कुठल्या एका ठिकाणी बोट ठेवता येत नाही.

गेल्या आठवड्यात अम्मांकडे गेले होते. यंदा त्या बसत नाहीत. भाभी चमच्याने पेज भरवत होत्या. वार घोकून घेणं त्यांनी सोडून दिलंय. मी प्रश्न विचारले, नियम आहे म्हणून सगळे विचारले, आणि अम्मा माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी दूर कुठेतरी, रस्त्यापलीकडे बोलतेय. सगळी शून्यं. मी कागद आवरत होते तेव्हा भाभींनी विचारलं, "बिटिया नहीं आई?"

"गाँव में है. सास के पास."

"अच्छा किया," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा होता का, दिलासा होता का, मी अजून विचार करतेय. मग त्या अम्मांचं तोंड पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उस दिन मैंने ग़लत कहा था आपसे. पर वो एक दिन याद बहुत आता है."

माझा प्रबंध बहुधा पूर्ण होईल. घराण्यातली पहिली डॉक्टर म्हणून गावात आत्या पेढे वाटतील, रेवाला नवा फ्रॉक घालून. आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता मला देता येतं. मोजल्याने काय होतं ते मी आकडे मांडून पन्नास लोकांसमोर सांगू शकते. हे खोटं नाही. या कामाने कुणाचं तरी, कधीतरी, भलं होईल यावर माझा विश्वास आहे, आणि हे काम सोडावं असं मला एकदाही वाटलेलं नाही. हेच कुणाला सांगायला जड जातं. सोडावंसं वाटलं असतं तर सोपं झालं असतं.

आज दुपारी व्हिडिओ कॉल लावला. रेवा अंगणात होती, मागे लख्ख ऊन. ती आता मराठीच बोलते, आत्यांची मराठी. शेळीला दोन पिल्लं झाली, एक काळं, एक कबरं. बाईंनी तिला फळ्यावर लिहायला बोलावलं. पुढचा दात हलतोय, तो तिने जिभेने हलवून दाखवला. मी म्हटलं, "मी येऊ का तुला न्यायला? या महिन्यात?"

तिने हलणारा दात पुन्हा एकदा जिभेने ढकलला. मग मोठ्या माणसासारखी समजावत म्हणाली, "नगं आई. आता धुकं आसंल तिकडं. गाडी लई लेट होती. तुला काम आसतंय. उन्हाळ्यात ये, निवांत."

मागून आत्यांचा हसण्याचा आवाज आला. "बघ, किती शहाणी झालीया."

मी "बरं" म्हणाले. रेवाने फोन आत्यांच्या हातात दिला आणि पिल्लांकडे पळाली. शेंडी हलत होती, पाठमोरी. तिला कुणी असं बोलायला शिकवलं नसणार. ती नुसती माझी सोय बघत होती. सहा वर्षांची पोर.

संध्याकाळी तिकीट काढलं. या महिन्याचंच. आत्यांना अजून सांगितलेलं नाही, मॅडमनाही नाही, आणि इथे शाळा कधी उघडेल ते कुणालाच माहीत नाही. परतीची दोन काढली. माझं कन्फर्म झालं. रेवाचं वेटिंगवर आहे.